जातींचा फेरफार

‘अळीला आता औषधाची सवय झाली आहे,’ हे वाक्य ज्याच्या कानी पडले नाही असा शेतकरी कपाशीच्या मुलखात विरळा. कृषिसेवा केंद्राच्या ओट्यावर, बाजाराच्या दिवशी एस. टी.त, चावडीवर, सर्वत्र हेच बोलले जाते आणि ऐकणाराही मान डोलावितो. आमचे म्हणणे असे की, हे वाक्य चूक आहे. ही चूक नुसत्या शास्त्रार्थापुरती असती तर आम्ही मासिकाची पाने अडविली नसती. परंतु या एका समजुतीपायी शेतकऱ्याचा पैसा, पीक आणि प्रसंगी प्राणही खर्ची पडत आहेत. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या जाती कशा बदलतात, याविषयी गेल्या दोनशे वर्षांत कोणकोणती मते मांडली गेली व त्यांपैकी कोणते टिकले, याचा विचार म्हणूनच शेतकऱ्याने स्वतः केला पाहिजे. हा विषय महाविद्यालयातील प्राध्यापकांचा, आपला नव्हे, असे म्हणून जो उठू पाहील त्याने निदान अळीचा मजकूर येईपर्यंत तरी बसावे.

आम्ही शास्त्री नव्हे. मराठी शाळेतील शिक्षण आणि पुढे महसूल खात्याची कारकुनी, एवढीच आमची पुंजी. परंतु वारसांच्या नोंदी व वंशावळी लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला हा विषय वाटतो तितका परका नाही, हे पुढे दिसेल.

आरंभी एका शब्दाची उस्तवार केली पाहिजे. मराठीत ‘जात’ या शब्दाला फार ओझी वाहावी लागतात. माणसांची जात, ज्वारीची जात आणि घोडा-गाढव यांच्या जाती, तिन्हींस शब्द एकच. येथे मालदांडी, दगडी अशा भेदांस आम्ही ‘वाण’ म्हणू, आणि ज्यांचा आपसांत संकर होऊन पुढे वंश चालतो अशा समुदायास ‘जाती’ म्हणू. पठारावरची खिलार गाय आणि अकोले-इगतपुरीच्या धुवाधार पावसात तग धरणारी डांगी गाय यांत रूपाचा फरक कितीही असो, डांगी वळूपासून खिलार गाईस झालेली कालवड पुढे बिनदिक्कत विते. म्हणून ते एकाच जातीचे दोन वाण. घोडी व गाढव यांच्यापासून खेचर होते, जन्मभर राबते, पण त्याचा वंश तेथेच खुंटतो. म्हणून त्या दोन जाती. वाण बदलतात हे शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. प्रश्न आहे तो हा की, वाण बदलत बदलत जातीच निराळी होते काय?

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक सर्व विद्वानांचे उत्तर ‘नाही’ असे होते. प्रत्येक जाती आरंभापासून आहे तशीच आहे, असा समज होता. त्यास मोठा धक्का दिला तो लामार्क या फ्रेंच पंडिताने. त्याने १८०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, जाती बदलतात, आणि त्या सवयीने बदलतात. जो अवयव वापरावा तो वाढतो, जो पडून राहील तो क्षीण होतो, आणि असा कमावलेला गुण संततीस मिळतो. जिराफाने उंच पाल्यासाठी मान ताणली, तिच्या पोरांची मान किंचित लांब झाली, आणि असे पिढ्यान्पिढ्या होत गेले. जाती बदलतात हे धिटाईने सांगण्याचे श्रेय लामार्कचे आहेच. परंतु बदलाचे जे कारण त्याने दिले ते कसोटीस उतरले नाही. जर्मनीत वाइसमान नामक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात उंदरांच्या अनेक पिढ्यांच्या शेपट्या कापून पाहिल्या. तरी जन्मणारे प्रत्येक पिल्लू शेपटीसह जन्मले. खरे पाहता आमच्या देशास त्या उंदरांचीही गरज नव्हती. कान टोचण्याची चाल आपल्याकडे किती पिढ्यांची आहे? तरी टोचलेल्या कानांचे मूल कोणाच्या घरी जन्मास आले आहे काय?

असे असूनही लामार्कचे मत शेतकऱ्याच्या मनातून जात नाही, कारण ते सोयीचे आहे. खतवलेल्या बांधाकडेची, पाटाच्या पाण्याशेजारची ज्वारी पुरुषभर वाढते, कणीस हाताएवढे होते, आणि घरधनी तेच कणीस बियाण्यासाठी ओटीत घालून आणतो. त्याला वाटते की, झाडाने खाल्लेले खत बियाण्यात उतरले. ते उतरत नाही. खताचा गुण त्या झाडापुरता. बियाण्यात उतरतो तो फक्त वंशाचा गुण. म्हणून बियाण्याचे कणीस निवडावे ते शेताच्या मध्यावरचे, जेथे सर्व झाडांस खत, पाणी व ऊन सारखे मिळाले आहे तेथे जे झाड शेजाऱ्यांहून सरस निघाले त्याचे. तेथे सरसपणाचे श्रेय वंशाला असण्याचा संभव अधिक. वाचकांपैकी शंभरांत पाच जणांनी जरी एवढे मनावर घेतले तरी आमची शाई फुकट गेली नाही असे आम्ही समजू.

चुकीच्या मताला राजसत्तेचे पाठबळ मिळाले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण शेतीतलेच आहे. सोव्हिएत रशियात लिसेंको नावाच्या गृहस्थाने गव्हाचे बी भिजवून थंडीत ठेवले की त्याची प्रकृतीच बदलते व तो बदल पुढील पिढीस मिळतो असे सांगून स्टालिनची मर्जी संपादन केली. त्याच देशात वाविलोव हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने देशोदेशी हिंडून धान्यांच्या वाणांचा प्रचंड संग्रह लेनिनग्राडास जमविला होता. त्याने लिसेंकोला विरोध केला. १९४० साली त्याला अटक झाली आणि १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात अन्नावाचून झिजून तो मेला. १९४८ साली तर मेंडेलचे आनुवंशशास्त्र शिकविणेच तेथे बंद करण्यात आले. जगाला धान्य कोठून आले हे शोधणाऱ्या माणसाचा अंत उपासमारीने व्हावा, यापरते दुर्दैव कोणते?

आता डार्विनकडे वळू. चार्ल्स डार्विन हा इंग्रज १८३१ पासून १८३६ पर्यंत बीगल नावाच्या जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ घरी बसून विचार करीत राहिला. आल्फ्रेड वॉलेस नावाचा दुसरा इंग्रज मलायाच्या द्वीपसमूहात प्राणी गोळा करीत असता स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षास आला. दोघांचे लेख १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एकत्र वाचले गेले. पुढल्या वर्षी डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ बाहेर पडला.

त्या ग्रंथाचा आरंभ दूरच्या बेटांपासून होत नाही, तर गोठा, खुराडे व बाग यांपासून होतो, ही गोष्ट आपल्या लोकांस फारशी सांगितली जात नाही. पाळीव जनावरे व पिके माणसाने निवडून निवडून कशी बदलली, हाच त्याचा पहिला अध्याय. डार्विनने स्वतः कबुतरे पाळली. लोटण, लक्का असे परस्परांशी कसलेही साम्य नसलेले वाण एकाच रानटी पारव्यापासून निघाले, हे त्याने दाखविले. आणि अकबर बादशहाच्या दरबाराबरोबर वीस हजार कबुतरे असत, याचाही उल्लेख तेथे केला. शेतकरी व पशुपालक जे डोळसपणे करतो तेच निसर्ग डोळ्यांवाचून करतो, असा त्याचा मुख्य सिद्धांत. प्रत्येक जीव पोसता येतील त्याहून अधिक संतती प्रसवतो. सर्वांस पुरेल इतके अन्न, जागा व पाणी नसते, म्हणून जीवनकलह सुरू होतो. संततीतील कोणतेही दोन जीव हुबेहूब सारखे नसतात. ज्याच्या अंगी त्या स्थळकाळास उपयोगी असा भेद असेल तो तगतो, त्याची प्रजा अधिक होते, आणि तो भेद पुढील पिढीत अधिकांच्या अंगी दिसतो. यालाच ‘नैसर्गिक निवड’ म्हणतात. येथे सवय नाही, इच्छा नाही, शिकवण नाही. जगले कोण व मेले कोण, एवढाच हिशेब आहे.

आणि ही निवड माणूस नकळतही करतो. रानटी धान्याचे दाणे पिकताच झडतात. त्यांस झडावेच लागते, नाहीतर त्यांचा वंश चालावा कसा? पण माणसाने विळ्याने कणसे कापून घरी आणावयास आरंभ केला, तेव्हा झडणारे दाणे रानातच राहिले आणि न झडणारे तेवढे घरी आले व पुढल्या वर्षी पेरले गेले. आफ्रिकेत प्रथम पिकविली गेलेली आपली ज्वारी अशाच नकळत निवडीने माणसाळली. पुढे जाणून केलेल्या निवडीचे फळ म्हणजे मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला ३५-१ हा वाण, ज्याची भाकरी वाचकांपैकी पुष्कळांनी आजच सकाळी खाल्ली असेल.

नकळत निवडीचा दुसरा मासला याहून मौजेचा, पण शेतकऱ्याच्या अंगावर उलटणारा आहे. छत्तीसगडाकडे भातात ‘करगा’ नावाचे रानटी भात उगवते. रोप लहान असता ते व खरे भात ओळखू येत नाही, म्हणून बेणताना ते राहून जाते. यावर तोड म्हणून जांभळ्या पानांचे भात पेरण्यात आले. हिरवे दिसेल ते उपटावे, म्हणजे झाले! परंतु करगा व भात यांचा संकर होतो. अशा संकरातून ज्या थोड्या करग्याच्या अंगी जांभळा रंग आला तेवढेच बेणणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटले, त्यांचेच बी पडले, आणि काही वर्षांतच शेतात जांभळ्या पानांचा करगा उभा राहिला. करग्याला रंगाची ‘सवय’ झाली असे येथे कोणी म्हणेल काय? बेणणाऱ्या हातांनीच त्याची निवड केली होती.

डार्विनच्या मताला एक मोठे भगदाड मात्र होते. त्या काळी समज असा की, आईबापांचे गुण दूध-पाण्यासारखे मिसळतात. तसे असेल तर एखाद्या जीवात आलेला चांगला भेद दोनचार पिढ्यांत पातळ होऊन नाहीसा होईल. मग निवड करावयाची कशाची? फ्लीमिंग जेंकिन नावाच्या इंजिनियराने १८६७ साली हीच हरकत घेतली. डार्विनला तिचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, आणि उतारवयात तो काही अंशी लामार्ककडेच झुकला. मोठी माणसेही अडली म्हणजे जुन्या वाटेला लागतात.

उत्तर वस्तुतः त्यापूर्वीच छापले गेले होते, पण ते कोणी वाचले नव्हते. आजच्या चेक देशातील ब्रुन गावच्या मठात ग्रेगोर मेंडेल या साधूने बागेत वाटाणे पेरून आठ वर्षे हिशेब ठेवला आणि १८६६ साली तो प्रसिद्ध केला. गोल दाण्याचा व सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा त्याने एकमेकांशी फळविला; पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल. पण त्या पिढीची झाडे स्वतःशी फळू दिली तेव्हा ५४७४ दाणे गोल व १८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे सुमारे तीनास एक. सुरकुती पातळ झाली नव्हती; ती एक पिढी झाकून राहून जशीच्या तशी बाहेर आली.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस सामाईक खात्याची आठवण झाली. सातबाऱ्यावर कर्त्याचे एकट्याचे नाव असते, धाकट्या भावाचे दिसत नाही. म्हणून त्याचा हिस्सा दुधात साखर विरघळावी तसा विरघळला असे कोणी समजू नये. दोन पिढ्यांनी वाटप निघाले की तो हिस्सा अखंड उभा राहतो, हे कोर्टात पैसे घालविलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. जीवांच्या वारशाचेही तसेच. प्रत्येक गुणाचे दोन हिस्से, एक आईकडून व एक बापाकडून. त्यांतला एक दिसतो, दुसरा दबून राहतो, पण नाहीसा कोणताच होत नाही. संकरित बियाण्याच्या पिकाचे बी पुढील वर्षी पेरले असता पीक खालीवर का होते, याचेही कारण हेच वाटप होय.

मेंडेलचा लेख १९०० साली तिघा शास्त्रज्ञांनी एकाच सुमारास उजेडात आणला. त्यांतील द फ्रीस या डच पंडिताने पुढे प्रतिपादिले की, नवा गुण हा बीजातील आकस्मिक बदलामुळे येतो. या बदलास इंग्रजीत म्युटेशन म्हणतात. महसुलाच्या इंग्रजी दप्तरात फेरफाराच्या नोंदवहीला, म्हणजे आपल्या गाव नमुना सहाला, ‘म्युटेशन रजिस्टर’ हेच नाव आहे. हा योगायोग आम्हांस मोठा बोधक वाटतो. तलाठ्याकडील फेरफाराला अर्ज लागतो, नोटीस लागते, हरकतीची मुदत लागते. बीजातील फेरफाराला अर्जदार नाही. कोणाच्या गरजेसाठी तो होत नाही. नकलनविसाच्या हातून अक्षर चुकावे तसा तो होतो, आणि पुष्कळदा निरुपयोगी किंवा घातकच असतो. परंतु नुसती नोंद झाल्याने फेरफार पक्का होत नाही; मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा लागतो. निसर्गातील प्रमाणित करणारा अधिकारी म्हणजे डार्विनची निवड. फेरफार आकस्मिक, पण प्रमाणीकरण आकस्मिक नव्हे. ‘हे सगळे आपोआप योगायोगाने झाले असे तुम्ही म्हणता काय?’ असे उपहासाने विचारणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

एका उडीत नवी जाती निर्माण होते हे द फ्रीसचे म्हणणे सरसकट खरे ठरले नाही. १९३० च्या सुमारास फिशर, हाल्डेन व राइट यांनी गणिताने दाखविले की, डार्विन व मेंडेल हे प्रतिपक्षी नसून एकाच गाडीची दोन चाके आहेत. यांतील हाल्डेन १९५७ साली हिंदुस्थानात येऊन राहिला, येथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला. १९५३ साली बीजातील वारशाचा दस्तऐवज ज्या द्रव्यावर लिहिलेला असतो त्या डी. एन. ए.ची रचना कळली. १९६८ साली किमुरा या जपानी शास्त्रज्ञाने असे मांडले की, त्या दस्तऐवजातील पुष्कळसे बदल ना लाभाचे ना हानीचे, नुसत्या दैवगतीने टिकतात किंवा जातात. यावर विद्वानांत वाद पुष्कळ झाले. पण मूळ सिद्धांतास त्याने बाध येत नाही, इतके आम्हांस समजले आहे.

उडीची गोष्ट मात्र सर्वस्वी खोटी नव्हती, आणि तिचा पुरावा आपल्या कणगीतच आहे. गव्हाच्या पेशीतील गुणसूत्रे मोजली असता आद्य गव्हात १४, आपल्या खपली गव्हात २८ व चपातीच्या गव्हात ४२ भरतात. खपलीच्या कुळातील एका गव्हाचा व एका रानगवताचा काही हजार वर्षांपूर्वी शेतातच संकर झाला. असा संकर एरवी खेचरासारखा वांझ व्हावा. पण गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाल्याने तो फळला आणि एक नवीच जाती जन्मास आली. कपाशीतही देशी कापसाची गुणसूत्रे २६ व अमेरिकन कापसाची ५२. म्हणून त्या दोघींचा संकर सहजासहजी होत नाही. बहुधा मात्र जाती निराळी होते ती संथपणे. डोंगर, समुद्र किंवा वाळवंट मध्ये आले, एकाच जातीचे दोन समुदाय विभक्त झाले, दोहोंकडे निराळे फेरफार निराळ्या रीतीने प्रमाणित होत गेले, आणि हजारो पिढ्यांनी एकत्र आणले तरी त्यांची सोयरीक जमेनाशी झाली.

‘मग मनुष्य माकडापासून झाला काय?’ हा प्रश्न येणारच. ज्याने वंशावळ लिहिली आहे त्याला यात अडचण वाटू नये. शेजारच्या गावची भावकी व आपण एका मूळ पुरुषाचे वंशज. म्हणून आपण त्यांच्या पोटी जन्मलो असे होत नाही. माकडे आपली भावकी आहेत, आजोबा नव्हेत. कित्येक सज्जन दशावतारांतील मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम दाखवून हे सर्व आपल्याकडे पूर्वीच सांगितले आहे असे म्हणतात. आमच्या मते ती श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी शोभते. तिला प्रयोगशाळेत साक्षीला उभे करून तिचाही मान राहत नाही. २०२३ साली केंद्रीय पाठ्यपुस्तकांत दहावीच्या वर्गातून उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला व तो विषय बारावीच्या जीवशास्त्रापुरता राहिला. हे आम्हांस मुळीच पसंत पडले नाही. दहावीनंतर जो मुलगा नांगर धरणार, त्यालाच या ज्ञानाची सर्वांत अधिक गरज आहे.

ती गरज कोणती, ते आता सांगतो. शेंदरी बोंडअळी ही आपली जुनी वैरीण. १८४३ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले तेच हिंदुस्थानातून गेलेल्या नमुन्यांवरून. २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली. मातीतील एका जंतूचा विषगुण तिच्या प्रत्येक पानाबोंडात आहे. प्रारंभी अळ्या मेल्या, फवारे वाचले, सर्वत्र आनंद झाला. २००६ साली दोन विषांचे वाण आले. २०१० साली गुजरातेतील बोंडअळी पहिल्या विषास दाद देत नाही असे जाहीर झाले. पुढे पाचसहा वर्षांत दुसरेही विष तेथे निकामी ठरू लागले. आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात कवडी बोंडे वेचण्याची पाळी आली.

अळीला सवय झाली नाही. लाखो अळ्यांत एखादी अशी होती की, बीजातील फेरफारामुळे तिच्या आतड्यात ते विष चिकटतच नव्हते. असा फेरफार विष येण्यापूर्वीही कोठेतरी असू शकतो. त्याचे मोल मात्र विष आल्यावर कळले. बाकीच्या मेल्या, ही उरली. तिची मादी शंभराहून अधिक अंडी घालते आणि एका हंगामात अनेक पिढ्या होतात. आम्ही सर्वांनी मिळून, प्रत्येक एकरावर, तिचा फेरफार प्रमाणित करून दिला.

यावर उपायही मेंडेलच्या हिशेबातच होता. प्रतिकाराचा हा गुण बहुधा दबणारा असतो. दोन्ही हिस्से प्रतिकाराचे असले तरच अळी बीटीवर सुखाने जगते. म्हणून शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावाव्या, तेथे साधे पतंग उपजावे, आणि विरळा निघणाऱ्या प्रतिकारी पतंगाची सोयरीक त्यांच्याशी व्हावी, म्हणजे पोटी येणारी अळी विषाने मरेल. यासाठी ४५० ग्रॅमच्या पुडक्याबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बी निराळे दिले जात असे. त्या पुडीचे काय झाले? बहुतेक ठिकाणी ती बांधावर गेली, ही गोष्ट आपण एकमेकांपासून लपविण्यात अर्थ नाही. ‘अळीला चारा मी का पेरू?’ असे शेतकरी म्हणे, आणि त्याला कारण सांगणाराही कोणी भेटला नाही. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात शेतकऱ्यांनी तेच पट्टे नेमाने राखले, पुढे वांझ केलेले पतंगही सोडले, आणि २०१८ साली त्या देशातून ही अळी नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. अळी तीच, विष तेच. दोष केवळ शेतकऱ्याचा मात्र नव्हे. आपल्याकडे बीटी कपाशी संकरित वाणांतच आली. संकराला विषाचा हिस्सा एकाच बाजूने मिळालेला. म्हणून पहिल्या बीटी वाणांच्या बोंडात, तीनास एक या न्यायाने, दर चार सरक्यांत एक निर्विष. सरकी खाणाऱ्या अळीला विष असे तुटपुंजे मिळत गेले आणि अर्ध्या हिश्श्याच्या अळ्याही जगू लागल्या. अलीकडे बिगर-बीटी बी त्याच पुडक्यात मिसळून देण्याची रीत आली आहे. ती आधी यावयास हवी होती.

आणि ‘सवय’ या शब्दाने काय केले? सवय झाली असे मानले की मनुष्य मात्रा वाढवितो, जणू हट्टी पोराला अधिक छड्या. प्रतिकारी किडे शेतात झाल्यावर तेच औषध दुप्पट मारले असता उरलेसुरले दुर्बळ किडे व त्यांस खाणारे मित्रकीटक तेवढे मरतात. प्रतिकारी मोकळे राहतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, हे आम्ही जाणतो. पण मात्रा वाढवीत जाण्याची, दोनतीन औषधे एकत्र कालविण्याची बुद्धी जेथून उपजते ते मूळ हेच.

आता करावयाचे ते एकट्याने होणारे नाही. एका प्रकारचे औषध सोसणारा किडा निराळ्या प्रकारच्या औषधाने बहुधा मरतो, म्हणून औषधाचा गट पाळीपाळीने बदलावा, हे ज्याचे त्याला करता येईल. परंतु पतंगाला बांध नाही. बोंडअळीचा निर्वाह मुख्यतः कपाशीवर चालतो. कपाशी डिसेंबरअखेर रानातून निघाली तर तिची उपासमार होते. दोन वेचण्यांच्या लोभाने पाणी देऊन मार्चपर्यंत फरदड ठेवली की, तिच्या आणखी पिढ्या होतात आणि प्रत्येक पिढीगणिक तोच फेरफार पुन्हा प्रमाणित होतो. गावात नव्वदांनी शेत मोकळे केले आणि दहांनी फरदड राखली, तर नव्वदांची मेहनत त्या दहांच्या रानातून उडून जाते.

म्हणून संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे असा ठराव यावा, अशी आमची सूचना आहे की, ज्या गावांत सभासद बहुसंख्य आहेत तेथे डिसेंबरअखेर कपाशी काढण्याचा दिवस गावाने एकमताने ठरवावा. पऱ्हाटीची गंजी बांधावर किंवा घरामागे न रचता तिची कुट्टी करून रानात गाडावी व त्यासाठी लागणारे यंत्र संस्थेने भाड्याने पुरवावे. शेवटच्या वेचणीनंतर मेंढपाळास रान मोकळे करून द्यावे. आणि सरकी काढण्याच्या कारखान्यांच्या आवारात कामगंध सापळे लावण्याविषयी मालकांशी बोलणे करावे. फरदडीच्या दोन वेचण्यांवर ज्याचे देणे भागते अशा लहान खातेदाराचे काय, हा प्रश्न सभेत निघेल आणि तो रास्त आहे. ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्याला उशिराच्या हरभऱ्याचे किंवा उन्हाळी मुगाचे बी वेळेवर व उधारीने मिळाले तर त्याचे रान रिकामे राहणार नाही; ज्याला पाणीच नाही त्याची फरदड मुळातच नावाची असते. बियाण्याची ही तरतूद नोव्हेंबरात झाली पाहिजे, डिसेंबरात नव्हे. कार्यकारी मंडळाने ठरावाबरोबर तिचाही अंदाज सभेपुढे मांडावा.